पडद्यावरचं संगीत अभ्यासायचं कसं: चित्रपट, मालिका, रील आणि आपला संबळ

एम.ए.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या आराखड्यासाठी मुलं विषय लिहून आणतात, तेव्हा कागदावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘मराठी चित्रपटांतील संगीताची भूमिका’. या ओळीत १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून गेल्या शुक्रवारी लागलेल्या चित्रपटापर्यंत सगळं मावतं आणि म्हणूनच हाती काही लागत नाही. वर्षभराने जो प्रबंध तयार होतो त्यात संगीतकारांची चरित्रं असतात, गाजलेल्या गाण्यांची यादी असते, ‘संगीतामुळे प्रसंग हृदयस्पर्शी झाला आहे’ हे वाक्य पानापानावर असतं. संगीताने त्या प्रसंगात नेमकं काय केलं, ते मात्र सापडत नाही.

ते शोधायची एक पद्धत इथे पायरीपायरीने मांडते आहे. परभणी, लातूर, धाराशिव, हिंगोली, कुठेही बसून, साधा लॅपटॉप आणि बरे हेडफोन एवढ्यावर होणारं हे काम आहे. शिवाय मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याकडे एक भांडवल आधीपासून असतं. संबळ, हलगी, तुणतुणं, काकड्याचं भजन, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन हे आवाज त्याने त्यांच्या मूळ जागी ऐकलेले असतात. तेच आवाज पडद्यावर आले की त्यांचं काय होतं, हे ओळखायला त्याचा कान तयार आहे. फक्त जे ऐकू आलं ते लिहून ठेवायची सवय लावायची आहे.

आधी प्रश्न लहान करा

प्रश्नात तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: कोणता आवाज, कोणत्या कलाकृती आणि त्यांत काय बघणार. उदाहरणादाखल काही प्रश्न देते. २००४ नंतरच्या तीन मराठी चित्रपटांत संबळ कोणत्या प्रसंगी वाजतो आणि तेव्हा पडद्यावर कोण असतं? एका दैनंदिन मालिकेच्या आठवड्याभराच्या भागांत संगीत पूर्ण थांबलेलं असे एकूण किती क्षण येतात? एकाच आराधी गाण्यावर बनवलेल्या पन्नास रीलमध्ये चित्र कशाकशाचं आहे? यातला कुठलाही प्रश्न एका सत्राला पुरतो आणि प्रत्येकाचं उत्तर मोजून, दाखवून देता येतं.

‘भूमिका’, ‘महत्त्व’, ‘प्रभाव’ हे शब्द शीर्षकात आले की थांबा आणि स्वतःला विचारा: कुणावर, कशाचा, कुठल्या मिनिटाला?

साहित्य

व्हीएलसी प्लेअर आणि ऑडॅसिटी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. व्हीएलसीमध्ये कीबोर्डवरचं ‘ई’ दाबलं की चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकतं. ऑडॅसिटीत व्हिडिओचा आवाज उघडायचा तर एफएफएमपेग नावाची जोडफाइल बसवावी लागते. ती बसली की आवाजाची लहर समोर दिसते, हवा तो तुकडा निवडून कंट्रोल आणि बी दाबलं की त्यावर नाव लिहिता येतं, आणि ही सगळी नावं वेळेसकट मजकूर म्हणून बाहेर काढता येतात. नोंदवही अर्धी तिथेच तयार होते. मेट्रोनोमचं एखादं ॲप मोबाइलवर घ्या, लय मोजायला लागेल.

हेडफोनची गोष्ट मी मुद्दाम काढते, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. ढोलाचा घुमारा, चेलोचा खर्ज, थिएटरात छातीत जाणवणारी धडधड मोबाइलवर गायब होते. मोबाइलवर चित्रपट ऐकून ‘पार्श्वसंगीत नव्हतं’ असं लिहिलं, तर दोष तुमच्या स्पीकरचा असू शकतो.

एक दृश्य, तीन वेळा

अख्खा चित्रपट घेऊन सुरुवात करू नका. तीन-चार मिनिटांचं एकच दृश्य घ्या, शक्यतो पाठ नसलेल्या चित्रपटातलं.

पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. नंतर आवाज चालू ठेवून पडदा झाका आणि नुसतं ऐका. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. मिशेल शियों या फ्रेंच अभ्यासकाने ही सवय चित्रपटाच्या अभ्यासात रुजवली. आवाज आणि चित्र एकत्र आले की आवाजाने दिलेला अर्थ आपण चित्रालाच बहाल करून टाकतो, हे त्याचं म्हणणं. क्रम बदलू नका. एकदा संगीत कानावर पडलं की मूक चित्र पुन्हा कोऱ्या मनाने बघता येत नाही.

प्रत्येक फेरीनंतर, पुढची फेरी सुरू करण्याआधी, दहा ओळी लिहा. मूक चित्र बघून तो माणूस तुम्हाला नुसता थकलेला वाटला होता आणि आवाजासकट बघताना तो खचलेला वाटला, तर मधला फरक कुणी केला? अभिनय तोच आहे, प्रकाश तोच आहे. हा फरक म्हणजे तुमच्या अभ्यासाची सामग्री, आणि तो त्या क्षणी लिहिला नाही तर संध्याकाळपर्यंत डोक्यातून जातो.

नोंदवही

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग. संगीताचा प्रत्येक तुकडा, म्हणजे व्यवसायात ज्याला क्यू म्हणतात तो, एका ओळीत उतरवायचा. रकाने असे ठेवा: सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, पडद्यावर काय चाललंय, कोणती वाद्यं किंवा आवाज, लय, संवादाच्या वर आहे की खाली, पात्रांना ते ऐकू येतंय का. आणि मग दोन रकाने जे बहुतेक जण विसरतात: ‘कशावर सुरू झालं’ आणि ‘कसं थांबलं’.

शेवटच्या दोन रकान्यांसाठी मी भांडते. संगीत एखाद्या नजरेवर सुरू होतं, दार उघडल्यावर होतं, संवादातल्या एका शब्दानंतर होतं किंवा कटच्या आधीच सुरू होऊन पुढच्या दृश्याची चाहूल देतं. सुरुवात कुठे करायची हा निर्णय संगीतकार आणि दिग्दर्शक चित्रपट पुन्हा पुन्हा बघून घेतात. हळूहळू विरत गेलेलं संगीत आपल्याला प्रसंगातून अलगद बाहेर काढतं. खाडकन तुटलेलं संगीत आपल्याला त्याच जागी उभं करून सोडतं.

लयीबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आपल्याकडचं टीव्हीचं प्रक्षेपण २५ चं. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर सेकंदाला दोन ठोके, म्हणजे चित्रपटात दर १२ फ्रेमला एक. कट बरोबर ठोक्यावर पडलाय की दोन-तीन फ्रेम अलीकडे, हे यावरून दाखवता येतं. ‘संकलन लयबद्ध आहे’ असं नुसतं लिहायची मग गरज राहत नाही.

नमुन्यासाठी नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला राष्ट्रगीताचा प्रसंग घेऊ. नायक जब्याचं कुटुंब डुक्कर पकडायला धावतंय, आजूबाजूला बघे आहेत. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि धावणारी माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात.

नोंद अशी होईल. आवाज: राष्ट्रगीत, शाळेतून येणारं. पार्श्वसंगीत: नाही. पात्रांना ऐकू येतं का: येतं. कशावर सुरू झालं: पकडापकडी ऐन रंगात असताना. सुरू झाल्यावर काय बदललं: माणसांची हालचाल थांबली, डुकराला त्याचं काही नाही. संपल्यावर: पुन्हा धावपळ.

एवढ्या ओळी लिहून झाल्यावर अर्थाकडे वळा. हेच सूर पार्श्वसंगीत म्हणून वरून टाकले असते तर कुटुंब थांबलं नसतं आणि हा प्रसंगच घडला नसता. इथे संगीत भावनेला टेकू देत नाही, कथेतली घटना तेच घडवतं. ज्या माणसांना गाव मान देत नाही ती माणसं राष्ट्रगीताला मान देत उभी आहेत, हे दिग्दर्शकाने एका शब्दाशिवाय सांगितलं. ‘पात्रांना ऐकू येतं का’ या एका रकान्याने ते तुमच्या हाती दिलं.

ऐकू कुणाला येतंय?

हा रकाना थोडा उलगडून सांगते. दृश्यातल्या जगात वाजणारं संगीत म्हणजे रेडिओ, लग्नातला बँड, देवळातली आरती. दृश्याबाहेरचं संगीत फक्त प्रेक्षकाला ऐकू येतं. ही सीमा ओलांडली जाते तिथे खरी मजा. ‘शोले’ (१९७५) मधला माउथ ऑर्गन आठवा. जय पायरीवर बसून वाजवतो, समोर राधा दिवे मालवते. दोघांमध्ये बोलणं नाही. वाद्य त्या जगातलंच आहे, पण ऐकता ऐकता ते दोघांच्या नात्याची धून होऊन बसतं.

तुमच्या नोंदवहीत अशा जागांपुढे खूण करा. एखादं गाणं रिक्षातल्या स्पीकरवर सुरू होतं, मग पूर्ण आवाजात पडदा व्यापतं आणि शेवटी पुन्हा रिक्षातल्या चिरक्या आवाजावर येतं. ते कुठल्या फ्रेमला मोठं झालं आणि कुणाच्या चेहऱ्यावर झालं, हे लिहा.

जिथे संगीत नाही

विद्यार्थी संगीत आहे तेवढ्याच जागा नोंदवतात. माझा आग्रह आहे की रिकाम्या जागांना नोंदवहीत स्वतंत्र ओळ द्या, वेळेसकट.

१९३७ सालचा ‘कुंकू’ बघा. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत वापरलं नाही, जे ऐकू येतं ते दृश्यातल्या जगातलं. संगीत केशवराव भोळ्यांचं होतं, म्हणजे उत्तम संगीतकार हाताशी असताना घेतलेला हा निर्णय होता. घरातल्या भिंतीवरचं घड्याळ त्या शांततेत जितकं बोलतं तितकं वाद्यवृंदाच्या गर्दीत बोललं नसतं. जरठविवाहाचा विषय, मनाविरुद्ध त्या घरात आलेली मुलगी, आणि कान टवकारून ऐकावी लागणारी ती घराची शांतता. आवाजाचा अभ्यास सुरू करायला यापेक्षा चांगला मराठी चित्रपट मला माहीत नाही.

‘सैराट’ (२०१६) हे दुसरं टोक. अजय-अतुल यांनी त्यासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या परिसरातल्या दोन पोरांच्या प्रेमामागे एवढा मोठा वाद्यवृंद उभा राहिला, तेव्हा त्या प्रेमाला पडद्यावर एरवी श्रीमंतांच्या प्रेमाला मिळते तेवढी जागा मिळाली. आणि अखेरच्या प्रसंगात हे सगळं काढून घेतलं जातं. लहानगं मूल घराबाहेर चालत येतं आणि कानावर काहीच पडत नाही. आधीच्या दोन-अडीच तासांत संगीत किती भरून होतं, याची नोंद तुमच्याकडे असेल, तर ही शांतता एवढी असह्य का होते हे तुम्ही आकड्यांनी दाखवू शकता. थिएटरात प्रेक्षक ज्या तऱ्हेने गप्प होऊन बाहेर पडले त्याचं मूळ या वजाबाकीत आहे, असं मला वाटतं.

तिसरी तऱ्हा ‘पाथेर पांचाली’ची. मुलगी गेल्याचं दुःख आईच्या, सर्वजयाच्या, तोंडून फुटतं तेव्हा तिचा टाहो आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तार शहनाई वाजते. संगीत रविशंकरांचं. इथे रिकामी जागा मानवी आवाजाची आहे. तिला नोंदवहीत कुठला रकाना द्यायचा, यावर वर्गात वाद घालायला हरकत नाही.

संबळ: तुळजापुरात आणि पडद्यावर

आता आपल्या दारातल्या कामाकडे. मराठी पडद्यावर काही वाद्यांना शिक्के बसलेत. संबळ वाजला की देवी अंगात येणार किंवा कुणाचा तरी वध होणार. हलगी म्हणजे मिरवणूक किंवा मारामारी. तुतारी म्हणजे महाराज किंवा पुढारी. तुणतुणं म्हणजे तमाशा, नाहीतर गावंढळ विनोद. हा शिक्का खरा किती आणि सोयीचा किती, हे तपासायला मराठवाड्याइतकी चांगली जागा नाही. गोंधळ्यांच्या दोन परंपरा मानल्या जातात, तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, आणि ही दोन्ही ठाणी आपल्याकडे, धाराशिव आणि नांदेड जिल्ह्यांत आहेत.

आधी चित्रपटाकडून सुरुवात करा. ‘सावरखेड एक गाव’ (२००४) मधला अजय-अतुल यांचा गोंधळ घ्या, जो आज लग्नात आणि नवरात्रात सर्रास वाजतो. त्याची वरच्यासारखी नोंद करा: संबळ कधी येतो, त्यावर कोणती वाद्यं चढतात, लय कुठे वाढते, कॅमेरा कुणावर असतो.

मग घरचा गोंधळ ऐका. लग्नानंतर कुलाचार म्हणून रात्री घातला जाणारा. चौक भरलेला असतो, दिवटी पेटलेली असते, गोंधळी एकेका ठिकाणच्या देवीला गोंधळाला यायचं आवतन देतात, मग आख्यान लागतं. तासन्‌तास. आख्यानात बोलणं आहे, विनोद आहे, प्रश्नोत्तरं आहेत, आणि संबळ त्या बोलण्याला हुंकार देत राहतो. कमरेला बांधलेल्या दोन भांड्यांतलं एक बारीक बोलतं, दुसरं घुमतं, आणि काड्यांपैकी एकीचं टोक वाकलेलं असतं. जवळ बसून नुसते हात बघा. आवाज वाढवण्याआधी वादक काय करतो, गायक श्वास घेतो तेव्हा काय करतो, आख्यानातला विनोद आल्यावर संबळ कसा मागे सरतो. चित्रपटाने यातला फक्त चढलेल्या लयीचा तुकडा उचलला. बोलण्याला साथ देणारा मंद संबळ पडद्यावर क्वचितच पोचतो, आणि तो का पोचत नाही हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

मुलाखतीसाठी ऐन नवरात्रात तुळजापूरला जाऊ नका. तेव्हा कलावंताला श्वास घ्यायला वेळ नसतो. गर्दी ओसरल्यावर, आधी फोन करून, घरी जा. ध्वनिमुद्रणाची परवानगी तोंडी आणि शक्यतो लेखीही घ्या, त्यांच्या वेळेचं मानधन आधी ठरवा, आणि प्रबंधात नाव कसं छापायचं ते त्यांनाच विचारा. ते ध्वनिमुद्रण यूट्यूबवर टाकायचं असेल तर ती वेगळी परवानगी आहे. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या कलावंतांनी गोंधळ मंचावर आणि महाराष्ट्राबाहेर नेला. या परंपरेला आपल्या कलेची किंमत नीट कळते, विद्यार्थ्यालाही ती कळायला हवी.

मुलाखतीत सगळ्यात उपयोगी पडतं ते असं. चित्रपटातला तो तुकडा मोबाइलवर दाखवा आणि एवढंच विचारा, ‘काका, हे बघा आणि सांगा, इथं काय वाजतंय?’ मग गप्प बसा. ‘हे चुकीचं आहे ना?’ असं सुचवू नका. ते लयीबद्दल बोलतील, वाद्याच्या बनावटीबद्दल बोलतील, कदाचित गाण्याचं कौतुक करतील. जे बोलतील ते त्यांच्याच बोलीत उतरवा, प्रमाण मराठीत आणताना धार जाते.

हलगीचंही असंच करता येईल. चामड्याची हलगी वाजवण्याआधी शेकून ताणावी लागते, उन्हापावसाने तिचा सूर बदलतो. आता प्लॅस्टिकच्या पानाच्या हलग्या सगळीकडे दिसतात, त्यांचा आवाज टणक आणि एकसारखा. स्टुडिओत तर संगणकातली साठवलेली हलगीही चालते. तिन्हींचा एकेक ठोका ऑडॅसिटीत शेजारी शेजारी ठेवून स्पेक्ट्रोग्राम दृश्यात, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे स्वर रंगांनी दाखवणाऱ्या चित्रात, बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

मालिका: स्वयंपाकघरातून ऐकलेलं संगीत

टीव्हीला चित्रपटाची फूटपट्टी लावली की मालिकेचं संगीत भडक वाटतं आणि विद्यार्थी तिथेच निकाल देऊन मोकळे होतात. मला हे अन्यायाचं वाटतं. घरात टीव्ही चालू असतो तेव्हा सगळे पडद्यासमोर नसतात. कुणी भाकरी थापतंय, कुणी शेंगा फोडतंय, कुणी अभ्यासाला बसलंय. मालिकेचं संगीत या न बघणाऱ्या माणसासाठी असतं. ‘ती’ आली, कारस्थान सुरू झालं, आता बघायला या, हे ते दुसऱ्या खोलीपर्यंत पोचवतं. म्हणून ते ठळक असतं आणि म्हणून ते क्वचितच थांबतं.

उत्पादनाची घाईही त्यामागे आहे. रोजच्या भागासाठी रोज नवं संगीत बांधणं शक्य नसतं. सुरुवातीलाच दुःखाचे, कारस्थानाचे, प्रेमाचे, विनोदाचे तुकडे करून ठेवतात आणि रोज प्रसंगानुसार ते लावले जातात. त्यामुळे इथे पद्धत बदला. एका आठवड्याचे भाग घ्या, प्रत्येक तुकड्याला नाव द्या, आणि कुठला तुकडा कुठल्या पात्राला किती वेळा चिकटला ते मोजा. मग कान दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा प्रयोग करा: घरातल्या एखाद्या नियमित प्रेक्षकाला फक्त आवाज ऐकवा, संवाद नसलेला भाग निवडून, आणि काय चाललंय ते सांगायला लावा. त्यांचं उत्तर किती नेमकं येतं ते बघाच.

शीर्षकगीताला वेगळी जागा द्या. देवकी पंडित यांच्या आवाजातलं ‘आभाळमाया’चं (१९९९) गीत मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी लोकांना पाठ आहे. त्याचे संगीतकार अशोक पत्की यांनी जाहिरातींच्या जिंगल्स केल्या, चित्रपट केले, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ (१९८८) या गीताच्या रचनेतही त्यांचा मोठा वाटा. एकच संगीतकार, तीन-चार माध्यमं. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत काय करतो आणि मालिकेच्या गीतात काय, अशी तुलनाही छान प्रकल्प होईल.

रील: इथे चित्र मागून येतं

चित्रपटात आधी दृश्य, मग संगीत. रीलमध्ये बहुतेकदा उलटं: आवाज आधी निवडला जातो आणि चित्र त्याला जोडलं जातं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील भारतात आणलं, आणि गावोगावच्या पोरापोरींची ही सवय तशीच पुढे चालू राहिली.

म्हणून इथे दृश्य निवडू नका, आवाज निवडा. रीलवरच्या आवाजाच्या नावावर बोट ठेवलं की त्याच आवाजावरच्या बाकीच्या रील दिसतात. क्रम न बदलता पहिल्या पन्नास घ्या आणि तारीख लिहा, कारण उद्या ती यादी बदललेली असेल. चित्र कशाचं, माणूस कोण, गाण्याचा नेमका कोणता तुकडा वापरलाय, लय वाढवलेली आहे का, शब्द आणि चित्र जुळतात का. भीमजयंतीच्या मिरवणुकीतलं गाणं, आराधी गाण्याचं डीजे रूप किंवा एखाद्या जुन्या भारुडाचा तुकडा असा आवाज घेतलात तर पैठणच्या एकनाथांपासून आजच्या डीजेपर्यंतचा एक धागा हाती येईल. तो ओढायचा मोह आवरा, आधी पन्नास नोंदी पूर्ण करा.

एक उदाहरण सांगून ठेवते. ‘फँड्री’ म्हटलं की अनेकांना अजय-अतुल यांचं विंचवाचं गाणं आठवतं. ते प्रसिद्धीसाठी केलेलं गाणं होतं, चित्रपटात ते नाही. प्रेक्षकाच्या आठवणीतलं संगीत आणि कलाकृतीतलं संगीत हे दोन वेगवेगळे संच असतात. तुम्ही कशाचा अभ्यास करताय ते पहिल्याच पानावर लिहा.

स्वतः करून बघा

नोंदी झाल्या की एक छोटा प्रयोग करा. एसटी स्टँडवर किंवा आठवडी बाजारात मोबाइलने एक मिनिट चित्रीकरण करा: एक माणूस वाट बघतोय, एवढंच. ओळखीच्या मित्रालाच उभं करा, म्हणजे परवानगीचा प्रश्न येत नाही. या मिनिटाच्या चार प्रती करा. एकीवर नुसता स्टँडचा आवाज, दुसरीवर एकटी बासरी, तिसरीवर हलगी, चौथीवर एकच लांबवलेला खर्जातला सूर. चार वेगवेगळ्या गटांना एकेकच प्रत दाखवा, कुणालाही दुसरी दाखवू नका, आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: ‘हा माणूस कुणाची वाट बघतोय आणि पुढे काय होईल?’ ‘संगीत कसं वाटलं?’ हे विचारलंत तर प्रयोग संपला, कारण मग सगळे संगीताकडे कान देऊन बसतात. उत्तरं शब्दशः उतरवा.

लिहिताना

विशेषणं कापा, क्रियापदं ठेवा. ‘करुण संगीताने प्रसंग उंचीवर नेला’ यातून वाचकाला काही कळत नाही. ‘आई दाराशी पोचते तेव्हा सारंगी सुरू होते, ती वळल्यावर थांबते, मुलाच्या वाट्याला संगीत येत नाही’ या वाक्यातून दृश्य कुणाच्या बाजूने उभं आहे ते कळतं. राग ओळखता आला तर लिहा, खात्री नसेल तर स्वर चढतात की उतरतात, कुठे थांबतात एवढं लिहा. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने संगीत विभागातल्या कुणाला तरी सोबत घ्यावं आणि उलटही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात हे विभाग एकाच आवारात आहेत, तिथे तर ही सोबत सहज जमते.

जुन्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती आणि कागदपत्रांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे जायच्या आधी मार्गदर्शकांचं पत्र आणि हव्या असलेल्या चित्रपटांची यादी तयार ठेवा. संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात एक तरी चित्रपट फक्त आवाजासाठी बघा, मोठ्या हॉलमध्ये खर्ज कसा लागतो ते कळेल.

कॉपीराइटची भीती अनेकांना वाटते. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधन, टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे. प्रबंधाच्या सादरीकरणात लहान तुकडा दाखवणं त्यात बसतं. तोच तुकडा यूट्यूबवर चढवला तर तिथली यंत्रणा आपोआप दावा लावू शकते, तेव्हा ऑनलाइन निबंध करायचा असेल तर तुकडे छोटे ठेवा आणि त्यावर तुमचं विवेचन सतत असू द्या. पत्की किंवा अजय-अतुल यांच्यासारख्या संगीतकारांच्या उत्पन्नावर लिहिणार असाल तर २०१२ ची दुरुस्ती वाचल्याशिवाय लिहू नका. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातल्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा समान वाटा तिने कायम केला, आणि तो वाटा लिहून देऊनही निर्मात्याला देता येत नाही.

प्रबंध सादर करताना नोंदवही परिशिष्ट म्हणून पूर्ण जोडा, वेळेच्या रकान्यासकट, आणि कोणती प्रत बघितली ते लिहा: थिएटर, ओटीटी की टीव्हीवर कापलेली. वेळा प्रत्येक प्रतीत थोड्या वेगळ्या येतात. गोंधळ्यांच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण मूळ फाइलमध्ये, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, फाइलच्या नावात गाव आणि तारीख घाला, आणि एक प्रत ज्यांनी वाजवलं त्यांच्या घरी पेनड्राइव्हवर पोचती करा.